कोठडीतला ‘उलटा काळ’: दाव्यात टिकतं काय?

जुन्या तुरुंगांबद्दल एक मजकूर सारखा फिरत असतो. तो म्हणतो, छळ झालेल्या काही कोठड्यांत काळच बिघडलेला असतो. कैदी बाहेर येतो तेव्हा त्याची तारीख कित्येक आठवडे मागे असते, आत नेलेलं घड्याळ डोळ्यांदेखत थांबतं, पहारेकऱ्याची अर्धी रात्र गायब होते. आणि ‘काळ सगळीकडे सारखा नसतो हे आइन्स्टाईननेही मान्य केलंय’. यातला थोडा भाग खरा आहे, म्हणून तर बाकीचा खपतो.

आधी तारखेचं बघू. हे खरंच घडतं, पण त्यासाठी मेलेला कैदी लागत नाही. १९६२ साली मिशेल सिफ्र हा फ्रेंच भूवैज्ञानिक आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाविना सुमारे दोन महिने राहिला. १४ सप्टेंबरला बाहेर काढलं, तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट चालू होता. सेकंदाला एक आकडा या गतीने १२० पर्यंत मोजायला सांगितलं, तर त्याला पाच मिनिटं लागली. तिथे ना फाशीघर होतं, ना कुणाचा शाप. सूर्य आणि घड्याळ काढून घेतलं की दिवसांचा हिशेब कोलमडतो, एवढंच.

तुरुंगात मात्र हे कुणीतरी मुद्दाम केलेलं असतं, आणि या मजकुरात मला खटकतं ते इथेच. फिलाडेल्फियाच्या ईस्टर्न स्टेट तुरुंगात १८२९ पासून कैद्यांना एकेकटं डांबत. बाहेर नेताना डोक्यावर बुरखा चढवत. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्सने तो तुरुंग पाहिला आणि त्या एकांतवासावर सडकून टीका केली, भुतांची मदत न घेता. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या ‘नेल्सन मंडेला नियमां’त सलग १५ दिवसांहून जास्त एकांतवासाला मनाई आहे, तशीच अंधाऱ्या किंवा सतत दिवा जळणाऱ्या कोठडीलाही. कोठडी झपाटलेली ठरवली, की दिवा कुणी बंद केला हे कुणी विचारतच नाही.

घड्याळाचा मुद्दा तर स्वतःच स्वतःला पाडतो. कोठडीतला काळ खरोखर मंदावला, तर आतल्या माणसाची नाडी, नजर, विचार सगळंच त्याच प्रमाणात मंदावेल. त्याला काटा नेहमीसारखाच फिरताना दिसेल. फरक कळेल तो बाहेर येऊन दुसऱ्या घड्याळाशी ताडल्यावर. काटा थांबलाय आणि आपण तो बघत उभे आहोत, म्हणजे बिघडलंय ते घड्याळ. ओल लागते, सेल संपतो. बाहेर आणून ताडून पाहिलेल्या घड्याळाबद्दल मजकुरात चकार शब्द नाही.

आता आइन्स्टाईन. उंचीनुसार काळाची गती बदलते, हे खरं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी एक अणुघड्याळ दुसऱ्यापेक्षा फूटभर उंच ठेवून हा फरक मोजलाही. ७९ वर्षांच्या आयुष्यात तो भरतो सेकंदाचे सुमारे ९० अब्जांश. त्यातून आठवडे कसे काढणार?

पहारेकऱ्याची हरवलेली रात्र? रात्रपाळीत डुलकी लागते. साहेबांना ते सांगण्यापेक्षा भूत सांगणं सोपं.

शिवाय तुरुंगाइतकी वेळेची नोंद ठेवणाऱ्या जागा थोड्याच: कैद्यांची गिनती, पाळीबदल, सुटकेची तारीख. आत काळ खरंच वेगळा चालत असता, तर ही बातमी भुतांच्या गोष्टींतून नव्हे, कोर्टातून आली असती. शिक्षा आतल्या घड्याळाने मोजायची की बाहेरच्या, यावर एखाद्या वकिलाने कधीच अर्ज ठोकला असता.