शेजाऱ्याशी व्यापार सुरू करताय? आधी घरचं बघा

उद्या तुमच्याकडे व्यापार खातं आलं आणि शेजारच्या देशाशी तुटलेला व्यवहार पुन्हा जुळवायची हुक्की आली, तर पलीकडच्या मंत्र्याला फोन लावायची घाई करू नका. त्याचं कसंही जमेल. नडतात ती आपलीच माणसं. कोल्हापूरकराला हे वेगळं सांगायला नको. साखर कारखान्याची एक वार्षिक सभा ज्यानं पाहिली, त्याला जागतिक व्यापार निम्मा कळलेला असतो. अहवाल वाचायच्या आधीच पुढच्या रांगा ‘मंजूर, मंजूर’ करतात, मागून ‘नामंजूर’चा गलका, कुणीतरी माइक ओढतो, मध्येच राष्ट्रगीत सुरू होतं आणि बाहेर रस्त्यावर विरोधकांची समांतर सभा. टनाला दर किती देणार, एवढंच विचारायला आलेला सभासद टोपी झटकत एसटीला लागतो.

या विद्येत इम्रान खान यांना गुरू करा. 2021 चा मार्च सरत होता. पाकिस्तानात साखर कडाडलेली, रमजान तोंडावर, कापसाचं पीक बसलेलं आणि कापडगिरण्या भारतीय कापसासाठी दाराशी उभ्या. व्यापार खातं खानसाहेबांनी स्वतःकडेच ठेवलं होतं. त्यांच्याच खात्याचा प्रस्ताव मंत्रिमंडळाच्या आर्थिक समन्वय समितीपुढं गेला. 31 मार्चला समितीनं भारतातून 5 लाख टन साखर आणि कापूस आणायला हिरवा कंदील दाखवला, नवे अर्थमंत्री हम्माद अझहर यांनी तो जाहीरही केला. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान खान यांच्या मंत्रिमंडळानं व्यापारमंत्री खान यांचा प्रस्ताव बासनात बांधला. कारण काश्मीर. (तारीख 1 एप्रिल होती, पण त्यावर जाऊ नका.) पुढं मागं तुमच्यावर वेळ आली तर दोन्ही खुर्च्या ताब्यात ठेवा; मागणी करणाराही खूश, विरोध करणाराही खूश.

औषधं मात्र यातून वगळा. ऑगस्ट 2019 मध्ये पाकिस्ताननं भारताशी व्यापार तोडला आणि सप्टेंबरमध्येच भारतीय औषधांना वाट करून दिली. बाणेदारपणा रक्तदाब वाढेपर्यंतच परवडतो.

आता आपल्या लोकांना कसं सांभाळायचं ते बघा. 2018 मध्ये पाकिस्तानची साखर महाराष्ट्रात उतरली, तेव्हा गोदामात घुसून पोती फोडली गेली. योग्यच होतं; आपल्याकडे साखरेचे ढीग पडलेले असताना शत्रूची साखर कशाला? पण आपली साखर तिकडं जायची म्हटलं की तीच मंडळी ‘व्यापारात राजकारण आणू नका’ म्हणतात. साखर येताना शत्रुराष्ट्र, जाताना बाजारपेठ. चेअरमनसाहेबांना एकाच भाषणात दोन्ही बोलता येतं, मध्ये फक्त घोटभर पाणी लागतं. कापसाचंही तसंच. तो बाहेर निघाला की सूत चढतं आणि इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला सीमेवरचा जवान आठवतो. विदर्भातल्या शेतकऱ्याला तेव्हाच शेजारधर्म आठवतो. दोघांनाही नाराज करू नका. समिती नेमा.

घोषणा करायचीच तर बंदीची करा, तिला टाळ्या पडतात. 1996 साली आपण पाकिस्तानला व्यापारात विशेष दर्जा दिला, तेव्हा गल्लीत कुणी पेढे वाटल्याचं ऐकिवात नाही. 2019 च्या फेब्रुवारीत, पुलवामानंतर, तो काढून 200 टक्के आयात शुल्क लावलं, तेव्हा चौकाचौकात फटाके. मे 2025 मध्ये पहलगामनंतर आयात पूर्णच बंद झाली, थेट असो की तिसऱ्या देशातून. दोन महिन्यांच्या आत न्हावा शेवा बंदरावर महसूल गुप्तचरांनी कंटेनर धरले: पाकिस्तानची खारीक, कागदावर दुबईची. खारकेनं पासपोर्ट काढला, मंत्र्याला कुठं सही करावी लागली?

म्हणून लक्ष्मीपुरीत किराणा भरताना गाव विचारू नका, भाव विचारा. घरातल्या एकादशीच्या सैंधवाचं मूळ गाव तर अजिबात काढू नका. ती खेवड्याची खाण पाकिस्तानच्या पंजाबात आहे, आणि साबुदाणा भिजत घालून झालेला असतो.