मेहुण्यांचं पोट आणि आजीचे गुडघे

काका, लठ्ठपणाच्या धोक्यांवरच्या ‘ढेरपोट्यांनो, जागे व्हा’ या माझ्या पोस्टवरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. तुमची आजी अंगानं चांगली भरलेली होती, तरी 88 वर्षं जगली. मेहुणे काटकुळे, ‘पोट सोडलं तर अंगावर मांस नाही’ असे, आणि ते 44व्या वर्षी हार्ट अ‍ॅटॅकनं गेले. म्हणजे लठ्ठपणा हे डाएटवाल्यांनी उठवलेलं खूळ, आणि मी त्यांची पिपाणी. शेवटी विचारलंत, ‘बाई, तुमचं स्वतःचं वजन किती?’

आधी शीर्षक. ते चुकलंच, बदललंय. माझ्या मावशीला जिना चढताना धाप लागायची. वर्षभर ज्या-त्या डॉक्टरनं तिला नुसतं बघून ‘वजन कमी करा’ म्हणून घरी पाठवलं. शेवटी एकानं रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन अवघं सात. हे घरात घडलेलं असताना मला ‘ढेरपोट्यांनो’ सुचावं, याची लाज वाटते.

पण मेहुण्यांचं उदाहरण तुम्ही माझ्याविरुद्ध वापरलंत, तिथे थांबा. त्यांना नेमकं कशामुळे झालं ते मी सांगू शकत नाही. सिगारेट, बीपी, घराण्यातला हृदयविकार, काहीही असेल. तरी तुमच्याच वाक्यातलं ‘पोट सोडलं तर’ पुन्हा वाचा. ते सोडून कसं चालेल?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, 22.3. वजनकाट्याच्या हिशेबानं दोघेही ठणठणीत. अंगातली चरबी मोजली तर युडकिन 9.1 टक्के आणि आपले याज्ञिक 21.2 टक्के! याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली होती. सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं 3.5. आपली बाळं स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत कमी भरली, पण त्वचेखालच्या चरबीत त्या मानानं फारशी मागे नव्हती. म्हणजे ‘बारीक पण चरबीवाला’ हा आपला साचा पाळण्यातच तयार होतो.

ही चरबी मांड्यांवर, नितंबांवर साठली तर त्या मानानं कमी उपद्रवी. तिथली जागा अपुरी पडली की ती आतड्यांभोवती आणि यकृतात घुसते. मग साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनचं यकृत ऐकेनासं होतं, साखर वाढते, रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढते, आणि रक्तवाहिन्या आतून खराब होत जातात. बाहेरून माणूस ‘सडपातळ’च.

मी सोनोग्राफी सेंटरमध्ये रिपोर्ट टाइप करते. मुतखडा बघायला आलेल्या माणसाला खडा नसतो, पण ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’, म्हणजे यकृतात चरबी साठल्याची पहिली पायरी, निघतं. हे इतक्यांदा होतं की ते वाक्य मी कॉम्प्युटरवर तयारच ठेवलंय, नुसतं चिकटवायचं. त्यातले कितीतरी जण शर्ट वर केल्याशिवाय जाड दिसतही नाहीत.

म्हणून काटा राहू द्या, शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. पुरुषाला 90 सेंटिमीटर, बाईला 80, ही आपल्याकडची धोक्याची रेघ. पँटचा नंबर धरू नका. पुरुषांची पँट पोटाखाली उतरत जाते आणि नंबर वीस वर्षं 34च राहतो. (आमच्या ह्यांचा राहिलाय.)

आता आजी. तुम्हीच लिहिलंयत की त्या पन्नाशीपर्यंत विहिरीचं पाणी शेंदायच्या, आणि शेवटची दहा वर्षं ‘गुडघ्यांमुळे माडी चढल्या नाहीत’. राबणाऱ्या शरीरानं त्यांना तारलं असेल, मान्य. पण ती दहा वर्षं हिशेबातून का गाळायची? गुडघेदुखीच्या जाड माणसांवरच्या एका अभ्यासात एक किलो वजन उतरलं की चालताना पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोनं कमी झालेला दिसला. शिवाय 88 वर्षं जगलेली आजी प्रत्येक घरात आठवते. पंचावन्नाव्या वर्षी गेलेल्या काकूचं नाव प्रतिक्रियांमध्ये कोणी काढत नाही.

‘मग काय उपाशी मरायचं?’ असंही विचारलंयत. नाही हो. चेन्नईत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर प्रयोग झाला, 2006 मध्ये छापून आला. नेहमीचाच सल्ला मिळालेल्यांपैकी सुमारे अडीच वर्षांत शंभरातल्या 55 जणांना मधुमेह झाला. रोजचं चालणं आणि आहारातला बदल ज्यांच्याकडून पाठपुरावा करून करून घेतला, त्यांच्यात 39. आणि गंमत म्हणजे या दुसऱ्या गटाचं वजन फारसं उतरलंच नव्हतं! त्यामुळे काटा हलला नाही म्हणून चालणं सोडून देणाऱ्यांवर माझा राग आहे, जाड माणसांवर नाही.

राहिलं माझं वजन. 71 किलो, उंची पाच फूट दोन, कंबर 88. मागच्या दिवाळीत सेंटरमध्ये पेशंट नव्हते, तेव्हा सोनोग्राफी करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, ये, तुझंही बघून टाकू. ग्रेड वन. रिपोर्ट मीच टाइप केला, तेच तयार वाक्य चिकटवून.