‘पडली’ म्हणे!

आज एका संस्थेचं पत्र आलं. "आपली माहिती चुकीच्या हाती पडली असण्याची शक्यता आहे." वाचलं आणि डोकंच सणकलं.

‘फॉल इंटू राँग हँड्स’ हा इंग्रजी वाक्प्रचार आपण जसाच्या तसा उचलला, त्यातल्या पळवाटेसकट. पडली म्हणे! झाडावरचं पान आहे का ते?

माझ्या बहिणीचा पत्ताही असाच ‘पडला’ होता. मारहाणीला कंटाळून तिनं घर सोडलं. नवा पत्ता फक्त आम्हाला आणि एका कार्यालयाला माहीत होता. नवऱ्यानं तिथं फोन केला, "मी तिचा नवरा बोलतोय," आणि पलीकडच्यानं पत्ता वाचून दाखवला. पिनकोडसकट. त्या रात्री ती दिवे मालवून, दाराला टेबल लावून बसली होती. मेसेज आला, "ताई, तो खाली उभा आहे."

तक्रार केली तर उत्तर काय? "माहिती चुकीच्या हाती गेल्याचे आढळले." देणारा कुठे गेला या वाक्यातून?

मोठ्यांचंही तेच. २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं १५० हून जास्त देशांतले कॉम्प्युटर ठप्प केले, ब्रिटनमध्ये ऑपरेशनं रद्द झाली. विंडोजमधल्या ज्या भगदाडातून तो शिरला, ते अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेनं मायक्रोसॉफ्टला न सांगता आपल्या हेरगिरीसाठी राखून ठेवलं होतं. तिथून त्याची माहिती फुटली. पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादिर खान यांनी अणुबॉम्बचं तंत्रज्ञान इराण, लिबिया, उत्तर कोरियाला पुरवलं, २००४ मध्ये टीव्हीवर तसं कबूलही केलं. ते काय पडलं होतं? घरपोच दिलं होतं!

हो, कडेकोट कुलपं फोडूनही चोऱ्या होतात, मान्य. पण दर वेळी नाही.

आपली म्हण बघा: माकडाच्या हाती कोलीत देणे. ‘देणे’! कोलीत पडत नाही, कुणीतरी देतं. म्हणून कोलीत कुणी दिलं, हे आपण विचारू शकतो.

फोनवरचा तो मुलगा विशी-बाविशीचा होता, असं नंतर कळलं. त्याला वाटलं असेल, घरचाच माणूस आहे, मदत करू. त्याच्यावर आता राग नाही येत. नवरा म्हटलं की बायकोचा पत्ता सांगायचाच, हे त्याला कुणी शिकवलं, त्यांचा येतो.

बहिणीनं त्यानंतर दोनदा घर बदललं. परवा तिच्यासोबत एक फॉर्म भरत होते. नाव, जन्मतारीख भराभर लिहिली. पत्त्याच्या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं. बराच वेळ. मग तिनं माझा पत्ता लिहिला.