झेंडा तुमचा, सोयाबीन सगळ्यांचंच

निवडणूक आली की आमच्या पारावर बसायची सोय राहत नाही. मी आपला कट चहा घ्यायला जातो, तर तिथं दोन चुलतभाऊ एकमेकांच्या अंगावर धावून जातात. "तुह्या पक्षानं काय केलं बे?" "अन् तुह्यानं?" बस्स, तास-दीड तास हेच.

अरे बाप्पा, दोघांच्याही घरात तेच सोयाबीन पडलंय ना? 2024 च्या विधानसभेला एकीकडून क्विंटलला 6000 च्या भावाचं आश्वासन, दुसरीकडून 7000 चं. हमीभाव तेव्हा 4892, अन् व्यापारी ढिगात हात घालून म्हणे, "ओल हाय भाऊ." बोली त्याच्याही खाली. तेव्हा कुठं होता तुमचा झेंडा? मोटारसायकललाच. पार चिंध्या झाल्यात, पण काढणार नाही!

आमच्या विदर्भातल्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन 1988 चं. त्या वर्षी जन्मलेलं पोरगं आज स्वतः बाप झालंय, अन् हे भांडतात श्रेय कोणाचं म्हणून. पाणी नाही, श्रेय!

सगळ्यात कहर आमचे काका. "आपल्या घराण्याचं मत ठरलेलं हाय." मत म्हणजे काय सातबारा आहे, वारसानं चढवायला?

काल न राहवून विचारलं, "काका, कर्जमाफीचं काय झालं पण?" चष्म्यावरून पाहत म्हणाले, "तू त्यायच्यात गेला काय रे?"

चहाचे पैसे मीच दिले. चौघांचेही.