सत्तावन्न ‘डेल’ आणि वीस मोडकी हाडं

‘माणसाचं शरीर जास्तीत जास्त 45 डेल वेदना सहन करू शकतं. बाळंतपणात बाईला 57 डेल वेदना होतात, म्हणजे एकाच वेळी 20 हाडं मोडल्याइतक्या.’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय.

आधी साधा हिशेब. 45 ही कमाल मर्यादा असेल, तर 57 कोण सोसतंय? लिहिणाऱ्याला दुसऱ्याच वाक्यात पहिल्याचा विसर पडलाय.

आता ‘डेल’. असं एकक वैद्यकात नाहीच. होता तो ‘डोल’, वेदनेच्या लॅटिन शब्दावरून आलेला. 1940च्या दशकात अमेरिकेत हार्डी, वुल्फ आणि गुडेल या संशोधकांनी तो मांडला. कपाळाला काळी शाई फासायची, त्यावर दिव्याचा झोत तीन सेकंद पाडायचा आणि उष्णता वाढवत ‘आता जास्त दुखलं का?’ असं विचारत जायचं. फरक जाणवेल अशा 21 पायऱ्या सापडल्या. दोन पायऱ्यांचा एक डोल, म्हणजे पट्टी साडेदहावर संपते. 57 सोडा, तिच्यावर 11सुद्धा नाही. हार्डी यांनी पुढे प्रसूतीच्या कळाही अशाच मोजल्या: हाताला चटका देऊन ‘कळ एवढी होती का?’ असं त्या बाईलाच विचारायचं. (कळा कमी होत्या म्हणून की काय!) एवढं करून उत्तर शेवटी तिच्याच तोंडचं. ही पद्धत काही टिकली नाही.

वीस हाडांचं तर बोलायलाच नको. करंगळी मोडणं आणि मांडीचं हाड मोडणं यांची बेरीज कशी करणार?

भूकंपाची गोष्ट वेगळी. तिथे आकडा एकाने वाढला की ऊर्जा सुमारे 32 पट होते, आणि ते यंत्राच्या नोंदीवरून कळतं. वेदनेला असं यंत्र नाही. ‘0 ते 10मध्ये किती दुखतंय?’ याच्या उत्तरातला 8 हा 4च्या दुप्पट नसतो. सकाळी 8 म्हणणारा रुग्ण औषधानंतर 4 म्हणाला, तर त्याला उतार पडतोय एवढं समजतं. शेजारच्या खाटेवरच्या 6शी तो ताडायचा नसतो. 1975 साली वेदनेचे अभ्यासक, मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी तर आपल्या प्रश्नावलीत रुग्णांपुढे वेदनेचं वर्णन करणारे शब्द ठेवले: ठणका, जळजळ, टोचणी अशा जातीचे.

‘आईचा मान वाढतोय ना, मग बिघडलं कुठे?’ असं कुणी म्हणेल. पहिलटकरीण हा आकडा वाचून धास्तावते. आणि जिची प्रसूती त्या मानाने सोपी झाली, तिला ऐकावं लागतं, ‘तुला कुठे एवढा त्रास झाला?’