केस जिंकायचीय? आधी पिवळं नेसा

वाटणी असो, बांध असो, भाडेकरू असो नाहीतर चेक बाउन्स, कोर्टकचेरीत अडकला असाल तर कागद शोधत बसू नका. मोबाइल काढा आणि ‘कोर्ट केस जिंकण्याचा मंत्र’ एवढं टाका. पन्नास गुरुजी हजर होतील. ज्याच्या मागे धूर जास्त, तो जास्त सिद्ध समजावा.

आधी रंग. कोर्टकचेरीसाठी गुरुजी जिचा जप सांगतात ती देवी बगलामुखी म्हणजेच पीतांबरा, तिला सगळं पिवळं लागतं. वस्त्र पिवळं, आसन पिवळं, फुलं पिवळी आणि जपाला हळदीची माळ. ऐपत असेल तर मध्य प्रदेशात दतियाला किंवा नलखेड्याला जाऊन या. तिकडे पुढारीही जातात, तेव्हा वेटिंगची तयारी ठेवा.

मंत्राचा अर्थ विचारू नका. मी विचारला आणि पस्तावलो. ‘सर्वदुष्टानां वाचं मुखं पदं स्तम्भय, जिह्वां कीलय, बुद्धिं विनाशय’. म्हणजे दुष्टांची वाचा, तोंड, पाय जागच्या जागी थिजव, जिभेला खीळ ठोक, बुद्धी नासव. आमच्या तालुक्याच्या कोर्टात अर्धा तास बसलात तर मंत्र केव्हाच फळलाय हे कळेल. माझ्या बांधाच्या दाव्यात समोरचा वकील ‘मुदत मिळावी’ याच्या पलीकडे अजून एक शब्द बोललेला नाही, म्हणजे वाचा थिजली. बेलिफ समन्स घेऊन निघतो तो पोचतच नाही, म्हणजे पाय थिजले. बुद्धीचं काय, दावा लावला तेव्हाच आम्ही ती घालवून बसलो. आणि स्तंभनाला कोर्टात स्टे म्हणतात. तो नेहमी समोरच्याला मिळतो.

संकष्टनाशन स्तोत्र म्हणत असाल तर चालू ठेवा. सहा महिन्यांत फळ, वर्षात सिद्धी, ‘नात्र संशयः’. आमच्याकडे सहा महिन्यांत दोन तारखा पडतात.

दिवाणी प्रक्रिया संहितेतही एक मंत्र आहे: सुनावणी चालू असताना एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा मुदत देऊ नये. रोज सकाळी म्हणावा, मन शांत राहतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, संख्या. सव्वा लाख जप, ४१ दिवस, दक्षिणा २१ हजार. आमच्या मावशीने हे सगळं यथासांग केलं. काका गेले आणि महिन्याभरात तिच्या दिराने एक मृत्युपत्र काढलं. म्हणे, काकांनी सगळी जमीन पुतण्याला दिली. तलाठ्याकडे नोंद पडली आणि मावशीला नमुना ९ ची नोटीस आली, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलतंय याची सूचना. भजनी मंडळातल्या एका बाईने गुरुजींचा नंबर दिला. गुरुजींनी व्हिडिओ कॉलवर सांगितलं, ‘माई, केसचा कागद कलशाखाली ठेवा, ४१ दिवस हात लावायचा नाही, ऊर्जा भरते.’ मावशीने ठेवला. पाटल्या गहाण टाकल्या, पैसे पाठवले, पिवळी साडी नेसून रोज पहाटे चारला जपाला बसली.

त्या कागदावर काय लिहिलं होतं माहितीये? हरकत असेल तर १५ दिवसांत कळवा. पंधरा! जप एक्केचाळीस दिवसांचा! साधा कागद घेऊन तलाठ्याकडे जायचं, ‘मला हे मृत्युपत्र मान्य नाही’ एवढं लिहून द्यायचं आणि पोच घ्यायची. नोंद तक्रारी झाली असती, सुनावणी लागली असती. खर्च फक्त एसटीच्या तिकिटाचा. ते कुणी केलं नाही. सोळाव्या दिवशी मावशीचा जप चालू आणि तिकडे नोंद मंजुरीला. गुरुजींना फोन केला तर म्हणतात, ‘श्रद्धा कमी पडली, आता हवन करावं लागेल, ३१ हजार.’

अहो, श्रद्धा कमी पडली? बाई त्रेचाळीस किलोची राहिली उपास करून! कमी पडली ती तुमची लाज.

आणि बाकीच्यांनी हसू नका. १९८७ चा कायदा आहे, विधी सेवा प्राधिकरणाचा. त्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. त्याचं ऑफिस तालुक्याच्या कोर्टाच्याच आवारात असतं, झेरॉक्सवाल्याच्या पाठीमागे, बोर्ड लावलेला. किती जणांनी आपल्या आईला, मावशीला, विधवा वहिनीला हे सांगितलंय? मंत्राचा व्हिडिओ मात्र सगळ्या ग्रुपवर जातो. आलेली नोटीस वाचायचा कंटाळा, सातबारा वर्षातून एकदा काढून बघायचा कंटाळा, वारस नोंदीला ‘बघू, काय घाई आहे’, आणि मग न्याय मिळत नाही म्हणून बोंबलायचं. देवीने तुमच्या वतीने तलाठ्याकडे जायचं का?

मीही त्यातलाच. मावशीने पूजेचा फोटो मला पाठवला होता. परवा मोठा करून बघितला, कलशाखाली नोटिशीचा कोपरा चक्क दिसतोय, ‘नमुना ९’ वाचता येतंय. त्यावर मी हात जोडल्याची खूण टाकली होती.

नोंदीविरुद्ध प्रांताकडे ६० दिवसांत अपील करता येतं. दिवस शिल्लक होते म्हणून गेल्या आठवड्यात केलं. सोबत ती नोटीस जोडायची होती. मधोमध कलशाचा गोल डाग, भोवती हळद. क्लार्कने नखाने खरवडून बघितलं आणि विचारलं, ‘आमटी सांडली का हो?’ मावशी हो म्हणाली.