नऊशे दोन युरो

२०१५ च्या ऑक्टोबरमध्ये इथले, म्हणजे आयर्लंडचे, अर्थमंत्री मायकल नूनन यांनी बजेट मांडलं, आणि ऑफिसात आम्ही सगळ्यांनी लगेच टॅक्स कॅल्क्युलेटर उघडले. माझा पगार तेव्हा सत्तर हजार युरोंच्या आसपास होता. आकडा आला ९०२. नव्या वर्षात माझ्या हातात ९०२ युरो जास्त पडणार होते, कारण युनिव्हर्सल सोशल चार्ज या उत्पन्नावरच्या कराचे दर खाली आणले होते. हा कर आला २०११ साली. आयर्लंडच्या बँका गाळात गेल्या होत्या, देश आयएमएफ आणि युरोपच्या कर्जावर चालला होता, तेव्हा तिजोरी भरण्यासाठी तो लावला होता. आता दिवस पालटले होते, म्हणून तो कमी होणार होता. मला आनंद झाला. कुडाळला फोन करून आईला सांगितलंसुद्धा.

आमच्या मजल्याची साफसफाई करायला एक आयरिश बाई यायची. पहाटे चार ते आठ, आठवड्याचे वीस तास, किमान वेतनावर. तिचं नाव लिहीत नाही. १ जानेवारी २०१६ पासून किमान वेतन ताशी ८.६५ वरून ९.१५ युरो झालं. पन्नास सेंटची वाढ. वीस तासांचे आठवड्याला दहा युरो, म्हणजे वर्षाला पाचशेवीस. आणि करकपातीतून तिला मिळालं शून्य. वर्षाला बारा हजारांच्या आत कमावणाऱ्याला हा कर आधीपासूनच नव्हता, मग सूट कशातून मिळणार?

हा हिशेब मी त्या वेळी केला नव्हता. तो करायला लागले एका स्वेटरमुळे.

पुण्याच्या टीमबरोबर कॉल असायचा म्हणून मी साडेसातलाच ऑफिसात पोचायचे. फेब्रुवारीतल्या एका सकाळी कॉन्फरन्स रूमच्या रेडिएटरवर लहान मुलाचा शाळेचा स्वेटर वाळत घातलेला दिसला. गडद निळा, छातीवर शाळेचा बिल्ला, बाह्या नीट सरळ केलेल्या. मला पाहताच ती सफाई करणारी बाई धावत आली आणि तो उचलायला लागली. सॉरी, सॉरी म्हणत होती. मी म्हटलं, असू दे, वाळू दे. बाह्या अजून दमट होत्या.

मग हळूहळू, चहा घेता घेता, एकेक गोष्ट कळली. घरमालकाने घर विकायला काढलं. घर विकायचं असेल तर भाडेकरूला नोटीस देता यायची, तिलाही दिली. दुसरं घर शोधायला गेली तर भाडं तिच्या महिन्याच्या पगाराहून जास्त. कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, तिला आणि दोन मुलांना हॉटेलच्या एका खोलीत ठेवलं. खोलीत शेगडी नाही, फक्त किटली. बेसिनमध्ये धुतलेले कपडे रात्रभरात वाळत नाहीत. बिल्ल्याचा स्वेटर महाग, म्हणून एकच. म्हणून तो आमच्या रेडिएटरवर. आठला सुटली की ती तो घेऊन बसने थेट शाळेच्या फाटकाशी जायची. मोठी मुलगी धाकट्याला घेऊन आलेली असायची, आणि तिथे फाटकापाशी ती तो त्याच्या अंगात घालायची. मुलगी चौदा वर्षांची होती, मुलगा आठ.

त्याच महिन्यात इथे निवडणूक होती. खांबाखांबावर सत्ताधारी फिने गेलचे फलक होते. देश सावरतोय, ही घोडदौड चालू ठेवूया, अशा अर्थाची घोषणा. आकडे खोटे नव्हते. बेकारी घटत होती, क्रेन पुन्हा दिसायला लागल्या होत्या. पण फिने गेलच्या जागा ७६ वरून ५० वर आल्या, आणि त्यांच्याबरोबर सत्तेत असलेल्या लेबर पक्षाच्या ३७ वरून ७. लोक प्रचाराला आलेल्यांना दारातच विचारत होते, कुणाची घोडदौड?

तेव्हापासून मला डॉलमधल्या, म्हणजे इथल्या लोकसभेतल्या, चर्चा ऐकायची सवय लागली. रात्री भांडी घासताना लावून ठेवते. आणि जितकं ऐकते तितकं एकच खटकतं. करांवर बोलायचा दिवस वेगळा, किमान वेतनासाठी आयोग वेगळा, बेघरांसाठी मंत्री वेगळा. त्या बाईच्या आयुष्यात मात्र ही तिन्ही खाती पहाटे चारला एकाच वेळी उघडतात. तिची मजुरी दहा युरोंनी वाढवल्याचं श्रेय एक मंत्री घेतो, दुसरा माझा कर कमी करतो, आणि त्या दोघांच्या मधून तिचं घर जातं. ते कुणाच्याच खात्यात पडत नाही.

करकपातीच्या बाजूने युक्तिवाद होता तो माझ्याच नावावर. उत्पन्नाच्या वरच्या टप्प्यावर प्रत्येक युरोतले ५१ सेंट सरकारकडे जातात, असं असेल तर शिकलेली, कसबी माणसं देशात येणार नाहीत, आलेली टिकणार नाहीत. म्हणून तो आकडा पन्नासच्या खाली आणायचा. आणलाही, ४९.५ वर. मीच ती बाहेरून आलेली शिकलेली व्यक्ती. मी आले तेव्हा कुणी मला कराचा दर विचारला नव्हता, मीही कुणाला विचारला नव्हता. आणि आमच्या टीममधून गेल्या दहा वर्षांत जे सोडून गेले, ते करापायी नाही गेले. घरभाड्यापायी गेले. पोर्तुगालला गेले, पुण्याला परत गेले. एकाचं लग्न ठरलं होतं आणि बायकोला आणून ठेवायला दोन खोल्या मिळेनात.

घरं का नव्हती? बांधलीच नव्हती म्हणून. २०१५ मध्ये देशभरातल्या सगळ्या स्थानिक संस्थांनी मिळून ७५ घरं बांधली. अख्ख्या देशात, वर्षभरात, पंच्याहत्तर. १९७५ साली हाच देश आजच्यापेक्षा कितीतरी गरीब होता, आणि त्या एका वर्षात सरकारी घरं बांधली होती साडेआठ हजारांवर. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. पैसा नसताना जमलं होतं, मग पैसा आल्यावर का जमू नये?

संसदेला हे दिसत नव्हतं असंही म्हणता येत नाही. १ डिसेंबर २०१४ च्या सकाळी मोल्सवर्थ स्ट्रीटवर, संसदेच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर, एका दाराच्या आडोशाला झोपलेला माणूस मेलेला सापडला. त्याच आठवड्यात मंत्र्यांनी तातडीची बैठक घेतली, नाताळच्या आत जादा खाटा लावल्या. २०१६ च्या आराखड्यात शब्द दिला की पुढच्या वर्षाच्या मध्यापर्यंत एकही कुटुंब हॉटेलात राहणार नाही. ती मुदत संपली तेव्हाही शेकडो कुटुंबं हॉटेलांतच होती. आमची ही बाई त्यांतली एक. तिला कौन्सिलचं घर मिळालं २०१९ मध्ये.

आता जरा अवघड जागेचं बोलते. २०१७ साली लिओ वराडकर इथले टीशक, म्हणजे पंतप्रधान, झाले. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, आमच्यापासून जवळच. आईचा लगेच फोन. "गो, थंयचो पंतप्रधान आपल्या वराडचो मां?" २०१९ च्या डिसेंबरात ते वराडला आले तेव्हाचे फोटो आमच्या घरच्या ग्रुपवर किती दिवस फिरत होते. अभिमान मलाही वाटला, अजून वाटतो. पण २०२३ च्या मार्चमध्ये भाडेकरूंना घराबाहेर काढण्यावरची हिवाळ्यातली बंदी उठवायचा निर्णय त्यांच्याच सरकारने घेतला. ती वाढवावी म्हणून विरोधकांनी ठराव आणला, तो सरकारने ८३ विरुद्ध ६८ मतांनी हाणून पाडला. बंदी फार काळ ठेवली तर छोटे घरमालक धंदाच सोडतील, असं सरकार म्हणत होतं. त्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही, घरमालक खरंच विकून बाहेर पडत होते. पण नोटीस हातात पडलेल्या माणसाने जायचं कुठे, याचं उत्तर त्या चर्चेत शेवटपर्यंत आलं नाही. मी कान देऊन ऐकत होते. गावच्या माणसाकडून ते यावं अशी माझी फार इच्छा होती.

२०२५ च्या जानेवारीत सरकारी तात्पुरत्या निवाऱ्यातल्या माणसांचा आकडा १५ हजारांच्या पुढे गेला, त्यात साडेचार हजारांवर मुलं. रस्त्यावर झोपणारे यात मोजलेलेच नाहीत. आणि हे सगळं तिजोरीत शिल्लक असताना. २०२३ मध्ये सरकारकडे आठ अब्ज युरोंच्या वर पैसा उरला होता.

घरांची ही टंचाई शेवटी कुणाच्या अंगावर येते, ते आम्हा इथल्या भारतीयांना आता चांगलं कळलंय. 'देश भरला, आता जागा नाही' असे फलक घेऊन मोर्चे निघतात. २०२५ च्या जुलैमध्ये डब्लिनच्या टाला भागात एका भारतीय माणसाला बेदम मारहाण झाली, तेव्हापासून मी संध्याकाळची बस बदलली आहे. ज्या पोराने हॉटेलच्या खोलीत अभ्यास केला, त्याला उद्या कुणी सांगितलं की तुझं घर या भारतीय बाईने घेतलं, तर तो का विश्वास ठेवणार नाही? मी इथे कर भरते, मत देते. पण त्या पंच्याहत्तर घरांचं त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

२०२४ च्या नोव्हेंबरातल्या निवडणुकीआधी एक तरुण कार्यकर्ता दारावर आला होता. बाहेर पाऊस. हातात पत्रक, त्यात आमच्यासारख्या घराचा किती कर वाचेल त्याचा तक्ता. मी म्हटलं, माझा कर आहे तेवढाच राहू दे, पण त्यातून घरं किती आणि कुठे बांधणार ते या तक्त्यात लिहून आणा, मग मताचं बोलू. त्याला वाटलं मी चिडले आहे. मी त्याला आत बोलावलं, चहा दिला आणि स्वेटरची गोष्ट सांगितली. त्याने वही काढली आणि विचारलं, ती बाई आता कुठे राहते? मी सांगितलं, फिंग्लसला. दोन खोल्या आहेत, मागे कपडे वाळत घालायला दोरी आहे.